काळ्या आईचे पांढरे पिल्लू

आमच्या टिळकवाडीच्या घरी एक काळी पामेरियन कुत्री होती. हे वाक्य वाचूनच काहींना ते खोटे वाटेल, कारण पामेरियन म्हणजे पांढरे, झुबकेदार शेपटीचे, दारावरच्या घंटीला घरमालकाच्या आधी उत्तर देणारे जनावर, असे आपल्याकडे ठरूनच गेले आहे. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने त्यावर शिक्कामोर्तब केले. वास्तविक तो टफी म्हणजे इंडियन स्पिट्झ, आपल्याकडे 'पामेरियन' या नावाने खपणारा चुलतभाऊ. पण आमची कुत्री काळी होती, डांबरासारखी काळी, आणि कॅम्पातले एक कुटुंब बेळगाव सोडून जाताना वडिलांना देऊन गेले होते. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. वकिली करीत. कुत्रीचे त्यांना भारी कौतुक.

१९७४ साली आप्पांनी तिला कॅम्पातल्याच एका गृहस्थांच्या कुत्र्याकडे क्रॉसिंगला नेले. तोही काळा. गृहस्थांकडे त्याच्या वंशावळीचा कागद होता आणि तो ते पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवीत. पिल्लांतले एक त्यांनी निवडून घ्यायचे, असा ठराव होता. दोन महिन्यांनी चार पिल्ले झाली. तीन काळी, आणि चौथे दुधावरच्या सायीच्या रंगाचे. नाक गुलाबी. काही दिवसांत ते नाक कोळशासारखे काळे झाले, अंग मात्र तसेच पांढरट राहिले.

गृहस्थ पिल्लू निवडायला आले, टोपलीत डोकावले आणि हात मागे घेतला. काळ्याच्या पोटी पांढरे आले म्हणजे गावठी कुत्रा शिरला होता, आणि एका वेतात दोन बाप असू शकतात, हे त्यांनी आप्पांना इंग्रजीत सांगितले. मग मराठीत म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची कुत्री बाटली. आता हिची पुढची वेतंही अशीच येणार." चारांतले एकही पिल्लू त्यांनी नेले नाही.

कुत्रीला फिरवायला आणि फाटक सांभाळायला आमच्याकडे वडगावच्या विणकरांच्या घरातला एक मुलगा होता. पंधरा वर्षांचा. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. आप्पांनी त्याला पडवीत उभे केले. तो एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होता, "मी फाटक उघडं टाकलो नाही, आप्पा." आमच्या भागातली मराठी अशीच. 'टाकलो', 'बघलो', 'खाल्लो'. त्यावर मीच एरवी त्याला हसत असे. त्या दिवशी हसलो नाही, पण बोललोही नाही. महिन्याचा हिशेब करून त्याला घरी पाठवले. जाताना त्याने ते पांढरे पिल्लू मागितले. त्याला आता किंमतच नव्हती, म्हणून आप्पांनी दिले.

पुढे मी धारवाडला बी.एस्सी. केले आणि हायस्कुलात जीवशास्त्र शिकवू लागलो. दरवर्षी मेंडेलचे वाटाणे आले की फळ्यावर तीन आणि एक हे गुणोत्तर लिहीत असे. तीस वर्षे लिहिले. आमच्याच टोपलीत तीन काळी आणि एक पांढरे होते, हे मला एकदाही आठवले नाही.

आठवले ते निवृत्तीनंतर. पुण्याच्या भाचीने पॉम घेतला आणि हौसेने त्याच्या लाळेची जनुकीय तपासणी करवली. निकालाचा कागद तिने मला वाचायला दिला. त्यात एका ओळीत एक मोठा ई आणि एक लहान ई होता. "मामा, याचा अर्थ काय?" असे तिने विचारले. मी नेहमीच्या मास्तरी थाटात सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. त्यानंतरचे दोनेक पावसाळे मी या कुत्र्यांच्या रंगांचा इतिहास वाचण्यात घालवले.

पामेरियन हे नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून आले. तो प्रांत आज जर्मनी आणि पोलंड यांच्यात वाटला गेलेला आहे. सीमाभागातल्या वाचकांना अशा प्रांताविषयी उगीचच आपुलकी वाटावी. युरोपातील श्वानसंघटना आजही पामेरियनला वेगळी जात मानत नाही. जर्मन स्पिट्झच्या आकारवार पाच प्रकारांतला तो सर्वांत लहान. जुन्या काळी या स्पिट्झांची रंगांनुसार प्रांतवार वाटणी होती. पोमेरेनियाकडे मोठे पांढरे पाळीत, तर वुर्टेंबर्गच्या द्राक्षमळ्यांत राखणीला काळे आणि तपकिरी. रंग म्हणजे एका अर्थाने गावाचे नाव होते. १८९९ साली जर्मनीत स्पिट्झ पाळणाऱ्यांचा संघ निघाला आणि हे सारे कागदावर आले.

इंग्लंडात हे कुत्रे रुजले ते राणी शार्लटच्या काळात. ती मेक्लेनबुर्गची राजकन्या, म्हणजे पोमेरेनियाची शेजारीण. १७६१ साली तिसऱ्या जॉर्जशी लग्न होऊन ती लंडनला आली. तिच्या दरबारातला संगीतकार कार्ल फ्रीडरिक आबेल याच्याकडेही असे कुत्रे होते, आणि चित्रकार टॉमस गेन्सबरो हा आबेलचा मित्र. त्यामुळे आपल्याला अठराव्या शतकातला पामेरियन कसा होता हे अंदाजाने सांगावे लागत नाही, तो रंगांत पाहता येतो. १७७७च्या सुमाराचे कुत्री आणि पिल्लाचे चित्र, १७८१ सालचे अभिनेत्री मेरी रॉबिन्सनचे चित्र, १७८५ सालचे 'द मॉर्निंग वॉक', या सगळ्यांत तोच कुत्रा आहे. पांढरा, किंचित सायीकडे झुकणारा, आणि चांगला गुडघ्यापर्यंत येणारा. आजच्या पॉमच्या कितीतरी पट मोठा. 'द मॉर्निंग वॉक'मध्ये तो बाईसाहेबांकडे मान वर करून पाहतो आहे. नाक काळे कुळकुळीत, डोळे काळे. ते नाक लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

म्हणजे ज्या काळात त्या कॅम्पातल्या गृहस्थांच्या कुत्र्याच्या पूर्वजांना इंग्लंडने प्रथम राजाश्रय दिला, त्या काळात पांढरा हाच खानदानी रंग होता!

बदल घडवला तो व्हिक्टोरियाने. १८८८च्या वसंत ऋतूत ती फ्लॉरेन्सला गेली आणि तिथून मार्को नावाचा एक लहानसा कुत्रा घेऊन आली. वजन सुमारे साडेपाच किलो, रंग लालसर, केसांची टोके काळी. १८९१ साली लंडनच्या पहिल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात राणीची कुत्री दाखल झाली. राणीनेच स्पर्धेत कुत्री उतरवली म्हटल्यावर सरदार-दरकदार मागे कसे राहणार? त्याच वर्षी इंग्लंडात पामेरियन क्लब स्थापन झाला. मग लहानांतून लहान निवडण्याची शर्यत लागली. पांढऱ्या मोठ्यांची सद्दी संपली. काळे, चॉकलेटी, निळसर असे रंग चढाओढीने पुढे आले आणि विसाव्या शतकात नारिंगी रंगाने सगळ्यांवर मात केली. आज अमेरिकन प्रमाणानुसार पॉम दीड ते सव्वातीन किलोंचा असतो. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्न येथे राणीने प्राण सोडला तेव्हा तुरी नावाचा तिचा पामेरियन बिछान्यावर होता.

या दहाबारा वर्षांच्या धामधुमीत कोणाच्या रक्तात काय आले याचा हिशेब कोणी ठेवला असेल? काळ्यांच्या वंशावळी काळ्या दिसतात, कारण कागदावर दिसणारा रंग लिहितात. न दिसणारा लिहायला रकानाच नसतो.

आणि त्याच दशकात 'बाटली' या शब्दाचाही शास्त्रीय निकाल लागत होता. कुत्रीचा पहिला संबंध हलक्या नराशी आला तर तिची पुढची सगळी पिल्ले त्या नराची छाप घेऊन येतात, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या भल्याभल्यांची होती. तिचे मूळ एका घोडीच्या गोष्टीत आहे. लॉर्ड मॉर्टन यांनी एका अरबी घोडीचा संकर क्वागाशी, म्हणजे झेब्र्याच्या आता नामशेष झालेल्या एका प्रकाराशी केला. पुढे त्याच घोडीला अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्या अंगावर पट्टे दिसले. १८२०-२१ साली हे रॉयल सोसायटीपुढे आले. खुद्द डार्विननेही ते गंभीरपणे घेतले. अखेर एडिंबरोजवळच्या पेनिक्विक येथे जेम्स कोसार युअर्ट यांनी माटोपो नावाचा झेब्रा आणून घोड्यांवर प्रयोग केले आणि १८९९ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. झेब्र्यापासून शिंगरू झालेल्या घोड्यांना पुढे घोड्यापासून झालेली शिंगरे घोड्यांचीच होती, झेब्र्याची छाप नव्हती. पट्टे तर साध्या घोड्यांच्या शिंगरांतही कधी कधी उमटतातच. म्हणजे आमच्या पडवीत १९७४ साली जे शास्त्र म्हणून सांगितले गेले ते पाऊणशे वर्षांपूर्वीच मोडीत निघालेले होते. पण मराठीत 'बाटणे' हा शब्द कुत्र्यांसाठी जन्मलेला नाही. तो माणसांकडून त्यांच्याकडे गेला, आणि म्हणूनच कोणाला पुरावा मागावासा वाटला नाही.

दोन बापांची गोष्ट मात्र खरी आहे, हे गृहस्थांच्या बाजूने सांगितले पाहिजे. माजावरच्या कुत्रीचा दोन नरांशी संबंध आला तर एकाच वेतात दोघांची पिल्ले होऊ शकतात. प्रश्न एवढाच, की आमच्या टोपलीतल्या पांढऱ्या पिल्लाला दुसरा बाप लागत होता का?

मेंडेलचा निबंध १८६६ सालचा. तो चौतीस वर्षे धूळ खात पडला आणि १९०० साली पुन्हा उजेडात आला. लगेच उंदीर, ससे, गिनीपिग यांच्या रंगांवर काम सुरू झाले. १९१८ साली स्यूअल राइट यांनी कुत्र्यांच्या रंगांचा आढावा घेतला. पण या विषयाचा पाया घातला तो क्लॅरेन्स कुक लिटल यांनी. हा हार्वर्डचा माणूस, उंदरांच्या शुद्ध वाणांसाठी प्रसिद्ध. १९२९ साली अमेरिकेत बार हार्बर या गावी त्यांनी जॅक्सन प्रयोगशाळा काढली. १९४७च्या वणव्यात ती जळाली आणि पुन्हा उभी राहिली. १९५७ साली लिटल यांचे कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवरचे पुस्तक निघाले. जनुक डोळ्यांनी कोणी पाहिले नव्हते तेव्हा केवळ वेतांच्या नोंदी लावून त्यांनी अक्षरांची एक बाराखडी तयार केली. अ, ब, ड, ई, म अशी स्थाने, प्रत्येकाचे मोठे आणि लहान अक्षर. ती बाराखडी काही दुरुस्त्यांसह आजही तपासणीच्या कागदावर असते. भाचीच्या कागदावर होती तीच.

आता थोडे मास्तरी. कुत्र्याच्या केसात रंजके दोनच. एक काळे, दुसरे लालसर-पिवळे. सगळी रंगपंचमी या दोघांच्या कमी-जास्तीतून होते. काळे रंजक मुळात तपकिरी बनले की चॉकलेटी कुत्रा, विरळ झाले की निळसर. केसाला रंग देणाऱ्या पेशीवर एक कुलूप असते, त्याचे नाव एमसी१आर. त्यात योग्य किल्ली फिरली की काळे रंजक बनते. हे कुलूपच मोडके असेल तर वरून कोणतीही किल्ली येवो, केसात लालसर-पिवळेच बनते. हे मोडके कुलूप म्हणजे लिटल यांचा लहान ई. २००० साली त्यातला नेमका बिघाड सापडला. प्रथिनाची साखळी पुरी होण्याआधीच तुटते. आई आणि बाप दोघांकडून मोडके कुलूप मिळाले तरच परिणाम दिसतो. एकाकडून चांगले मिळाले की पुरे, कुत्रा काळा होऊ शकतो आणि मोडके कुलूप पोटात घेऊन हिंडतो.

पण लालसर-पिवळे बनले तर पिल्लू नारिंगी व्हायला हवे, पांढरे कसे? कारण त्या दुसऱ्या रंजकाची गडदता ठरवणारी जनुके निराळी. त्यांतले एक २०१९ साली आणि दुसरे २०२० साली ओळखले गेले. ती फिकी असली की नारिंगीचे सायीसारखे होते. काळ्या कुत्र्याच्या अंगावर लालसर रंजक दिसतच नाही. त्यामुळे तो गडद की फिका, हे त्याच्याकडे पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काळा रंग हा असा घोंगडीसारखा असतो. खाली काय निजले आहे ते कळत नाही.

आणि ते नाक! मोडक्या कुलपाचा परिणाम केसांवर होतो, कातडीवर नाही. म्हणून अशा पांढऱ्या कुत्र्याचे नाक आणि पापण्यांच्या कडा काळ्याच राहतात. गेन्सबरोच्या चित्रातले काळे नाक आणि आमच्या टोपलीत काही दिवसांत काळे पडलेले नाक. त्या चित्रातल्या कुत्र्याची तपासणी आता कोणी करू शकणार नाही, पण आजच्या पांढऱ्या स्पिट्झांमध्ये पांढरेपणा येतो तो याच वाटेने.

दोन्ही काळ्या आईबापांच्या पोटात एकेक लहान ई असेल तर प्रत्येक पिल्लू पांढरट निघण्याची शक्यता चारांत एक. याचा अर्थ चारांच्या वेतात एक येणारच असा नव्हे. एकही न येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, नेमके एक येण्याची सुमारे ४२. आमच्याकडे नेमके एक आले. ते आले नसते तर तो मुलगा आणखी काही वर्षे आमच्याकडे राहिला असता आणि त्याच्या मराठीला मी हसत राहिलो असतो.

वकिलाचा मुलगा म्हणून मला एवढ्यावर थांबता येईना. गावठी कुत्र्यातही लहान ई असू शकतो. मग त्याला निर्दोष कसे ठरवायचे? पुरावा होता, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. १९७६च्या सुमारास आईबरोबर साडीसाठी वडगावात गेलो असताना एका माग असलेल्या घराच्या उंबऱ्यावर तो कुत्रा बसला होता. पुरता वाढलेला. मानेभोवती आयाळ, शेपटी पाठीवर वळलेली, मांड्यांवर केसांचे झुबके. त्याचे नाव त्या घरात 'कापूस' होते. केसांची लांबी एफजीएफ५ नावाच्या जनुकावर ठरते, हे २००६ साली कळले. आखूड केस प्रभावी, लांब केस अप्रभावी. आपल्या रस्त्यावरचा गावठी कुत्रा आखूड केसांचा. त्याच्याकडून एक आखूड जनुक आले की पिल्लू आखूड केसांचे. कापसाला बाप गावठी असायचा तर त्या गावठी कुत्र्याच्या पोटात मोडके कुलूपही हवे, फिका लालसर रंगही हवा आणि लांब केसही हवेत, आणि त्याने नेमकी तीच सगळी पत्ती त्या पिल्लाला वाटलेली हवी. उलट कॅम्पातल्या त्या काळ्या खानदानी कुत्र्याच्या पोटात फक्त शंभर वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या आज्यापणज्या असल्या की झाले. कोणतेही कोर्ट कोणत्या बाजूने निकाल देईल?

वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती लागली. तिचा आमच्या खटल्याशी संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२१ साली कुत्र्यांच्या आणखी एका रंगजनुकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मार्कोसारख्या लालसर कुत्र्यांत त्या जनुकाचे जे रूप असते त्याचा एक भाग थेट अशा प्राण्यापासून आलेला आहे, जो करड्या लांडग्यांच्या वंशापासून वीस लाख वर्षांहून आधी वेगळा झाला आणि आता नामशेष आहे. उत्तर ध्रुवाकडच्या पांढऱ्या लांडग्यांतही त्याच वारशाचा भाग सापडतो. कुत्र्यांच्या लहान आकाराला हातभार लावणारे एक जनुकरूपही २०२२ साली सायबेरियातल्या ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यात मिळाले. म्हणजे राणीने फ्लॉरेन्सहून आणलेल्या त्या खेळण्याच्या अंगावरचा रंग कुत्रा ही जात जन्मण्याच्याही आधीचा. आणि काळा रंग देणारे जनुक, जे २००७ साली सापडले, ते उत्तर अमेरिकेच्या लांडग्यांत पाळीव कुत्र्यांकडूनच गेले आहे. तिकडचा काळा लांडगा हा, त्या गृहस्थांच्या भाषेत, बाटलेला.

नव्या हौसेचीही एक बाजू आहे. अलीकडे पॉममध्ये ठिपक्याठिपक्यांचा, निळ्या डोळ्यांचा मर्ल रंग मागतात आणि त्याला जास्त पैसे मोजतात. त्या रंगामागचा बदल २००६ साली सापडला. तो आई आणि बाप दोघांकडून आला की पिल्लू बहुतेक पांढरे होते, आणि अशांत बहिरेपणाचा व डोळ्यांच्या विकृतीचा धोका मोठा असतो. पांढऱ्यापांढऱ्यांत हा फरक. कापूस ठणठणीत होता. फाटक वाजले की भुंकायचा.

आप्पा १९९१ साली गेले. कुत्रीला त्यांनी पुन्हा कधी क्रॉसिंगला नेले नाही. ते कॅम्पातले गृहस्थही आता नाहीत. राहिलो मी आणि तो.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी मी वडगावात जाऊन त्याचे घर शोधले. माग बंद पडून पुष्कळ वर्षे झाली होती. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर नातवंडांचा अभ्यास चालला होता. त्याने मला ओळखले. मी बरोबर भाचीचा तो कागद नेला होता, वहीत चौकोनही आखून नेले होते. मोठा ई, लहान ई. अर्धा तास समजावले. नातू लक्ष देऊन ऐकत होता. तो स्वतः दाराकडे पाहत होता. माझे संपल्यावर म्हणाला, "दादा, हे तुम्ही आत्ता शिकलासा. मी त्या दिवशी कडी लावलो होतो, मला ठाऊक होतं की वो."

मग त्याने सुनेला चहा टाकायला सांगितले आणि कापूस किती वर्षे जगला ते सांगू लागला. अकरा वर्षे. शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हते, पण मागाचा आवाज थांबला की उठून बसायचा.